अपडेटचं बटण दाबण्याआधी

संगणकावर अपडेटचा निरोप आला की मुलं लगेच बटण दाबतात. अपडेट टाळा असं मी सांगणार नाही. चोरवाटा त्यानेच बुजतात. पण ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या अपडेटनंतर काही जणांच्या 'डॉक्युमेंट्स'मधल्या फायलीच नाहीशा झाल्या. मायक्रोसॉफ्टने ते काही दिवसांतच थांबवलं, दुरुस्त करून नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिलं. तेव्हा भगिनींनो, निकाहचे फोटो, मुलांचे दाखले आधी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. गेलेली फाइल परत मिळेलच असं नाही.

दुसरी बाब खाजगीपणाची. विंडोज १० गरजेपेक्षा जास्त माहिती गोळा करतं, म्हणून फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगाने २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टला नोटीस दिली. कंपनीने ती माहिती घटवली आणि २०१७ मध्ये प्रकरण मिटलं. (जाब विचारला तर कंपन्याही ऐकतात!) आपण निदान अपडेटनंतर सेटिंग्जमधलं 'प्रायव्हसी' उघडावं. ठिकाण, कॅमेरा, मायक्रोफोन कोणकोणत्या ॲपला खुले आहेत ते पाहून नको ते बंद करावं. जाहिरातींसाठीचा ओळख क्रमांकही तिथेच बंद होतो. 'डायग्नोस्टिक' माहिती मात्र घरच्या संगणकावर पूर्ण थांबत नाही. फक्त आवश्यक तेवढीच जाऊ देणारा पर्याय निवडता येतो.