पहिल्या भेटीचे अत्तर : एक हरकत

पहिल्या भेटीला जाताना कोणता सुगंध लावावा, या विषयावरील सल्ल्यांना सध्या तोटा नाही. पुरवण्या, चित्रफिती आणि दुकानांतले विक्रेते यांची भाषा मात्र एकच असते : 'वेड लावणारा', 'घायाळ करणारा', 'हमखास यश देणारा' सुगंध. ही शिकाऱ्याची भाषा आहे. तिच्यात समोरची व्यक्ती सावज ठरते आणि अत्तर आमिष. आमची हरकत अत्तराला नाही, या भाषेला आहे. आणि भाषा शिकवणे हाच आमचा व्यवसाय असल्याने ती नोंदवणे आम्हांला आवश्यक वाटते.

'एवढे काय त्यात, थट्टा आहे', असे म्हणणाऱ्यांनी डिओडरंटच्या जाहिरातींचा अलीकडचा इतिहास आठवावा. मे २०११ मध्ये अशा जाहिरातींच्या अश्लीलतेबद्दल केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाला भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे कारवाईची मागणी करावी लागली होती. जून २०२२ मध्ये तर एका बॉडी स्प्रेच्या जाहिरातीत चार पुरुष आणि एकटी स्त्री असा प्रसंग रचून सामूहिक बलात्कार सूचित करणारा 'विनोद' करण्यात आला. मंत्रालयाच्या आदेशाने ती जाहिरात समाजमाध्यमांवरून हटवली गेली. सुगंधाला एकदा शस्त्र म्हटले, की त्याचा नेम कोणावर आहे हे सांगण्याची वेळ कधीतरी येतेच.

या भाषेला शास्त्राचा मुलामाही दिला जातो. कुपीवर 'फेरोमोन' हा शब्द छापला की किंमत वाढते. ही संज्ञा कार्लसन आणि ल्युशर यांनी १९५९ मध्ये मांडली. त्याच वर्षी बुटेनांट यांनी रेशीमपतंगाच्या मादीतील असा पदार्थ ओळखला. माणसात मात्र असा एकही पदार्थ आजवर निर्विवाद सिद्ध झालेला नाही. दाखला म्हणून १९९५ मधील क्लाउस वेडेकिंड यांचा स्वित्झर्लंडमधील प्रयोग वारंवार पुढे केला जातो. ४४ पुरुषांनी दोन रात्री घातलेले टीशर्ट ४९ स्त्रियांना हुंगायला दिले गेले, आणि प्रतिकारशक्तीशी निगडित जनुके आपल्याहून भिन्न असणाऱ्यांचा वास त्यांना अधिक सुखद वाटला. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत हा कल उलट दिसला, आणि पुढील अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे आले नाहीत. पण विक्रेते गाळतात तो तपशील वेगळाच आहे : त्या पुरुषांना सुगंधी प्रसाधने वापरण्याची मनाई होती. हा प्रयोग काही सांगत असेलच तर ते कुपीबाहेरच्या माणसाविषयी सांगतो.

दुसऱ्या बाजूला आमच्याच पिढीतील शुद्धतावादी आहेत. 'स्वच्छ आंघोळ करावी, बाकी सारी पाश्चात्त्यांची थेरे', असे हे सद्गृहस्थ विद्यार्थ्यांना ऐकवतात. त्यांना आपलीच परंपरा ठाऊक नाही. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. 'गंधवाद' हा सुगंध सिद्ध करण्यावरचा संस्कृत ग्रंथ तर मराठी टीकेसह उपलब्ध आहे. भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी तो अभ्यासकांच्या नजरेस आणला आणि १९८९ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने तो छापला. लग्नसमारंभात पाहुण्याच्या मनगटावर अत्तराचे बोट फिरवणारे आपले आजोबा पाश्चात्त्य नव्हते.

परंपरेचा दाखला दिला म्हणून आम्ही तिचे गोडवे गाणार नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात गजरा मुलीने माळायचा, पारख तिची व्हायची. नवऱ्या मुलाच्या अंगाला कसला वास येतो, हा प्रश्न विचारण्याची मुभा तिला नव्हती. आज दोन माणसे वडीलधाऱ्यांवाचून एका टेबलाशी बसतात, दोघेही पारखतात आणि दोघांनाही उठून जाता येते. हा बदल आम्हांला मोलाचा वाटतो, आणि शिकारीची भाषा नेमका तोच पुसून टाकते.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. तालुक्याच्या गावाहून शहरात शिकायला आलेल्या, बसने धक्के खात वर्गात पोहोचणाऱ्या मुलाला या जाहिराती सांगतात, की तुझे शरीर जसे आहे तसे कोणासमोर नेण्याच्या लायकीचे नाही. वास्तविक ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच; त्वचेवरील जिवाणू त्यातील घटकांचे विघटन करतात तेव्हा तो येतो. त्यावर साबण, पाणी आणि धुतलेला सदरा पुरेसे आहेत. घामाची लाज ही निराळी गोष्ट आहे. कष्टाच्या शरीराला हीन लेखणाऱ्या जातिव्यवस्थेने ती शिकवली, बाजाराने तिच्यावर किमतीची चिठ्ठी लावली. अत्तर हौसेने लावावे, या लाजेपोटी नव्हे.

मग पहिल्या भेटीला अत्तर लावावे की नाही? अवश्य लावावे. फक्त एक भान ठेवावे. नको असलेल्या दृश्यावरून नजर काढून घेता येते. श्वास मात्र थांबवता येत नाही. आपला सुगंध समोरच्याच्या शरीरात त्याची परवानगी न घेता शिरतो, म्हणून त्याचे प्रमाण हा शिष्टाचाराहून गंभीर, संमतीचा प्रश्न आहे. मराठीने हा विचार शब्दांत साठवून ठेवला आहे. परिमळ, दरवळ, घमघमाट, दर्प, भपकारा : या पायऱ्या उतरत गेले की वास वाढतो आणि सुख घटते. पहिल्या भेटीने परिमळाची पायरी सोडू नये.

हे साधणे कठीण नाही, पण घाईत होत नाही. निवड भेटीच्या आधी काही दिवस करावी. कागदाच्या पट्टीवर न करता मनगटावर करावी आणि तीन-चार तास थांबावे. लिंबू-संत्र्यासारखे हलके गंध अर्ध्या तासात उडून जातात. कॉफी संपेपर्यंत सोबत राहणार असतो तो त्यानंतरचा वास. स्वतःचे नाक स्वतःच्या अत्तराला काही मिनिटांतच सरावते, म्हणून 'उडाले बहुधा' असे वाटून स्थानकावर पुन्हा फवारा मारू नये. उकाड्यात एक फवारा पुरतो. तेलावरचे अत्तर असेल तर कानामागे एक बोट. एरवी साध्या दिवशीही आपण जे लावू तेच लावावे, म्हणजे पुढच्या भेटीला वेगळाच माणूस हजर होणार नाही. आणि 'हा वास मला सोसत नाही', असे समोरून आले तर ते अपमान न मानता ऐकावे. अनेकांचे डोके सुगंधाने खरोखरच दुखते.

असो. विक्रेता 'याने ती नक्की पटेल' असे म्हणाला, तर कुपी त्याच्यापुढे ठेवून दुसरे दुकान गाठावे. आपल्या भाषेत 'पटणे' आणि 'पटवणे' अशी दोन क्रियापदे आहेत. पटते ते दोघांचे एकमेकांशी. पटवतो तो एकटाच, आणि दुसऱ्याला कर्म करून टाकतो. व्याकरणाच्या तासाला हा फरक आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. विद्यार्थ्यांच्या अत्तराला नाके मुरडणाऱ्या सहकाऱ्यांनीही तो एकदा वर्गात सांगून पाहावा.