सहा आकडे



दरवर्षी या पानावर मी घरातल्या एखाद्या यंत्राची नाहीतर तंत्राची गाठ सोडवून दाखवते, आणि अंक निघाल्यावर गणपतीच्या नाहीतर संक्रांतीच्या कार्यक्रमात कुणीतरी भेटून म्हणतं, "तुमचं वाचून आमचा पासवर्ड एकदाचा बदलला हो!" त्यावर मी वर्षभर फुशारते. या वर्षीचा विषय मात्र मी निवडलेला नाही. तो आमच्या घरी चालत आला आणि माझंच नाक कापून गेला.

मे महिन्यातली गोष्ट. पुण्याहून सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना इथलं सिमकार्ड घेऊन दिलं होतं आणि माझ्या क्रेडिट कार्डाचं एक जोडकार्डही. आठवड्याचा किराणा त्या फोनवरून मागवायच्या. कधीकधी दुकानाचं अ‍ॅप कोड मागायचं, तो माझ्या फोनवर यायचा, मी ऑफिसातून त्यांना वाचून दाखवायचे. आमचं हे व्यवस्थित चाललं होतं.

एका मंगळवारी दुपारी त्यांच्या फोनवर संदेश आला. टोलचे ६.९९ डॉलर थकलेत, उद्यापर्यंत भरले नाहीत तर दंड होईल आणि गाडीची नोंदणी स्थगित होईल. खाली लिंक. आदल्याच रविवारी आम्ही न्यू जर्सी टर्नपाइकवरून फिलाडेल्फियाला जाऊन आलो होतो. "इथे पैसे घ्यायला कुणीच कसं नाही?" असं त्यांनी गाडीत विचारलं होतं, आणि नवरा म्हणाला होता, "आपोआप कापले जातात, आई." त्यांनी हिशेब जुळवला : या वेळी कापले गेले नाहीत. मुलाच्या ग्रीनकार्डाचं काम चालू आहे. अशा वेळी सात डॉलरसाठी सरकारी कटकट कशाला?

त्यांनी लिंक उघडली, कार्डाचा नंबर भरला. मग त्या पानाने कोड मागितला. त्यांनी मला फोन केला, "अगं, तुझ्या फोनवर आकडे आलेत का?" मी मीटिंगमध्ये होते. किराणा असेल असं धरून चालले आणि कुजबुजत सहा आकडे वाचून दाखवले. त्या आकड्यांच्या वरची ओळ वाचली नाही. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, की हा कोड तुमचं कार्ड डिजिटल वॉलेटमध्ये जोडण्यासाठी आहे, कुणालाही सांगू नका.

त्या टोळीला सात डॉलर नकोच होते. पलीकडे कुणीतरी स्वतःच्या फोनच्या वॉलेटमध्ये आमचं कार्ड भरत होतं, आणि त्यासाठी बँकेने पाठवलेला कोड त्याला हवा होता. तो मिळाला, की त्याचा फोन म्हणजे आमचं कार्ड. पुढच्या दोन दिवसांत, आम्ही पाहिलंही नव्हतं अशा गावांतल्या दुकानांत चौदाशे डॉलरची खरेदी झाली.

बँकेला कळवलं, कार्ड बंद केलं. क्रेडिट कार्डावर परवानगीशिवाय झालेल्या खर्चाची आपली जबाबदारी कायद्याने जास्तीत जास्त ५० डॉलर. पण कोड आम्हीच सांगितलेला असल्यामुळे बँकेने बरीच चौकशी केली, आणि पैसे परत जमा व्हायला काही आठवडे लागले. इथे एक सांगून ठेवते : डेबिट कार्डाचं गणित कडक आहे. प्रकार कळल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर ५० डॉलर, उशीर केलात तर ५०० पर्यंत, आणि स्टेटमेंट आल्यावर साठ दिवस उलटून गेले तर त्यानंतर गेलेले पैसे बुडू शकतात. म्हणून आईवडिलांच्या हाती कार्ड द्यायचं तर क्रेडिट कार्डच द्या. आणि कार्ड बंद करताना बँकेला मुद्दाम विचारा, की ते कुठल्या वॉलेटमध्ये जोडलेलं आहे आणि तिथून काढलं का.

आता हे संदेश ओळखायचे कसे?

पहिली खूण पाठवणाऱ्याची. टोलचा म्हणून आलेला संदेश अधिक ६३ ने सुरू होणाऱ्या, म्हणजे फिलिपीन्सच्या नंबरावरून किंवा कुठल्याशा ईमेल पत्त्यावरून आला असेल, तर पुढे वाचायचंही कारण नाही. पण नंबर इथला दिसला म्हणून तो खरा, असंही नाही. नंबराचं सोंग घेता येतं.

दुसरी खूण लिंकची. वेबसाइटचा पत्ता आपल्या नावासारखाच असतो, आडनाव शेवटी. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचे शेवटचे दोन शब्द म्हणजे ते आडनाव. सुरुवातीला ईझीपास असलं, पण शेवटी 'डॉट टॉप' किंवा 'डॉट एक्सवायझेड' असं भलतंच काही आलं, तर नाव ओळखीचं आणि घराणं परकं. टोल खरोखर थकला आहे का हे पाहायचं असेल, तर ईझीपासचं अ‍ॅप स्वतः उघडा. संदेशातल्या दारातून आत जाऊ नका.

तिसरी खूण म्हणजे 'आधी वाय लिहून उत्तर द्या, मग लिंक उघडेल' ही सूचना. आयफोन अनोळखी माणसाच्या संदेशातली लिंक निर्जीव ठेवतो. आपण उत्तर दिलं, की तो आपली ओळख आहे असं समजून लिंक जिवंत करतो. म्हणजे कडी आपल्याच हाताने काढून घेतात.

चौथा प्रकार गोड असतो. "हाय, परवा जेवायला येतेस ना?" चुकून आलेला वाटतो. आपण सभ्यपणे "राँग नंबर" कळवतो, तिथून गप्पा सुरू होतात, आणि काही आठवड्यांनी क्रिप्टोमधल्या गुंतवणुकीचा विषय निघतो. आपल्याकडे उत्तर न देणं उद्धटपणाचं मानतात. इथे तो उद्धटपणा खुशाल करा.

'स्टॉप' लिहून पाठवावं का, असं बरेच जण विचारतात. ज्या दुकानाला आपण खरोखर नंबर दिला होता, त्याला जरूर पाठवा. बाकीच्यांना पाठवलंत तर या नंबरामागे जिवंत माणूस आहे, एवढंच त्यांना कळतं.

उपाय सोपे आहेत. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये मेसेजेसखाली अनोळखी लोकांचे संदेश वेगळे ठेवण्याचं बटण आहे, ते चालू करा. अँड्रॉइडवर गूगल मेसेजेसच्या सेटिंग्जमध्ये 'स्पॅम प्रोटेक्शन' असतं. आलेला संदेश नुसता खोडू नका. आयफोनवर 'रिपोर्ट जंक' करा, अँड्रॉइडवर संदेश दाबून धरून ब्लॉक करा आणि स्पॅम म्हणून कळवा. शिवाय तो ७७२६ या नंबरावर पुढे पाठवा. फोनच्या बटणांवर हे आकडे म्हणजे एस-पी-ए-एम. त्यावरून फोन कंपन्या असे नंबर अडवतात. नुसतं ब्लॉक करून तेवढा एक नंबर बंद होतो आणि संध्याकाळी ते दुसऱ्यावरून येतात.

टोलच्या या संदेशांबद्दल एफबीआयने एप्रिल २०२४ मध्येच लोकांना सावध केलं होतं. फेडरल ट्रेड कमिशनकडे त्या वर्षी मोबाइल संदेशांपासून सुरू झालेल्या फसवणुकीत ४७ कोटी डॉलर गेल्याच्या तक्रारी आल्या. हे फक्त तक्रार करणाऱ्यांचं. न करणारे किती असतील, याची कल्पना मला आमच्या घरात आली.

कारण प्रकार उघड झाल्यावर सासूबाईंनी फोन कपाटात ठेवून दिला. किराणा बंद, मैत्रिणींशी बोलणं बंद. चार दिवस त्या जेवायला बसल्या, की खाली मान. मी म्हटलं, "आई, कोड तर मीच दिला ना!" तर म्हणाल्या, "तू कामात होतीस. मी रिकामी होते, मला कळायला हवं होतं." मग मी विचारलं, संदेश आला तेव्हा आम्हाला दाखवला का नाही? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मागे मी तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश दाखवला होता, तेव्हा तुम्ही दोघं किती हसला होता."

हसलो होतो खरे. युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं, असा तो संदेश होता. आमच्या करमणुकीचे दोन मिनिटं, आणि त्यांनी पुन्हा काही विचारायचं नाही असं ठरवून टाकलं. आपण घाबरावं आणि कुणाला विचारू नये, एवढंच त्या टोळीला लागतं. घाबरवायचं काम तिने केलं, गप्प बसवायचं काम आम्ही आधीच करून ठेवलं होतं.

तेव्हापासून घरात दोन नियम आहेत. कोड वाचून दाखवण्याआधी त्याच्या वरची ओळ मोठ्याने वाचायची. आणि कुणी काहीही दाखवलं तरी हसायचं नाही. दुसरा नियम पाळणं जास्त अवघड जातं, हे कबूल करते.

सासूबाई सप्टेंबरात परत गेल्या. जाताना मी त्यांना तिकडचे नंबर लिहून दिले : नको असलेल्या संदेशांची तक्रार १९०९ वर, पैसे गेले तर लगेच १९३०, आणि फसवणुकीचा नुसता प्रयत्न झाला तर 'संचार साथी'वरच्या 'चक्षू'मध्ये. भारतात कंपन्यांच्या संदेशांवर पाठवणाऱ्याच्या नावामागे २०२५ पासून एक अक्षरही येतं : जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी संदेशाला जी. बँकेचा म्हणवणारा संदेश साध्या दहा आकडी मोबाइलवरून आला, तर तो बँकेचा नाही असंच समजायचं.

गेल्या आठवड्यात त्यांनी एक स्क्रीनशॉट पाठवला. भिशीतल्या एका मैत्रिणीला आलेला : आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याच्या मोबाइलवर ताबडतोब फोन करा. खाली सासूबाईंनी लिहिलं होतं, "महावितरण असा खासगी नंबर देईल का? मी तिला थांब म्हटलंय. तुझी मीटिंग संपली की सांग."

मीटिंग चालूच होती. मी बाहेर येऊन फोन लावला.

दिवाळीच्या शुभेच्छा! फराळाला आईबाबांशी व्हिडिओवर बोलाल तेव्हा त्यांना एवढं विचारा, की हल्ली कसले कसले संदेश येतात. आणि हसू नका.