नाकापेक्षा मोती जड!

दर वर्षी नवीन बॅच आली की आमच्या विंगमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "दादा, पन्नास हजारात गेमिंग पीसी बसवायचाय, ग्राफिक्स कार्ड कोणतं घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. "तुझ्या घरी अर्थिंग आहे का?" पोरगा माझ्याकडे असा बघतो, जणू मुलगी बघायला गेलोय आणि विहीर किती खोल आहे ते विचारतोय!

पण मित्रहो, हा प्रश्न मी शहाणपणा मिरवायला विचारत नाही. तो मला ५० हजाराला पडलेला आहे.

मी नांदुऱ्याचा. मलकापूरहून अकोल्याकडे जाताना हायवेवर १०५ फुटी हनुमानाची मूर्ती दिसते, तेच नांदुरा. २०२२ मध्ये फर्स्ट इयरला ॲडमिशन झाली आणि डिसेंबरमध्ये कापूस विकून आल्यावर बाबांनी पन्नास हजार हातात ठेवले. "कॉलेजले लागते म्हंतो तं घे बाप्पा." कॉलेजला लागते हे अर्ध सत्य होतं. उरलेलं अर्ध सत्य काय होतं ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

महिनाभर व्हिडिओ बघून यादी केली. प्रोसेसर आय३-१२१००एफ, कार्ड आरएक्स ६६००, आठ जीबी रॅमची एकच पट्टी, ५०० जीबीची एसएसडी. मॉनिटर नाही, घरचा टीव्हीच लावायचा. ५० पैकी जवळपास २५ हजार एकट्या कार्डात गेले. मग पैसे संपत आले आणि शेवटी राहिलं ते कॅबिनेट. दुकानदार म्हणाला, "भाऊ, या कॅबिनेटसोबत एसएमपीएस फुकट आहे, ४५० वॅटचा. टेन्शनच घेऊ नका." कार्डाला आठ पिनी वायर लागत होती, ती त्या सप्लायला नव्हतीच. त्याने कुठून तरी एक कन्व्हर्टर काढून जोडून दिला. "पक्कं बिल पाहिजे तर अठरा टक्के वेगळे," असं म्हणाल्यावर मीही हुशारी केली आणि कच्च्या पावतीवर पार्ट उचलले. कॉम्प्युटर सुरू झाला. गेम मक्खन चालले. पाच महिने मी गावातला हिरो होतो.

मे २०२३. सुट्टीत घरी होतो. रात्री अकराच्या सुमारास लाइट गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. चौथ्या वेळी कॅबिनेटमधून फट् आवाज आला आणि तो वास आला. इलेक्ट्रिकलवाल्यांना तो वास वेगळा सांगावा लागत नाही. बाबा अंगणातून आत आले. "काऊन रे, काय जयालं?"

मदरबोर्ड गेला होता, कार्ड गेलं होतं. प्रोसेसरच्या नावातला तो शेवटचा 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही. त्यामुळे कार्डाशिवाय साधं चित्रही येणार नव्हतं. दुकानात गेलो तर "बर्न आहे, वॉरंटीत बसत नाही" एवढंच उत्तर मिळालं, आणि भांडायला हातात बिल कुठे होतं? बाबा एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता मजा बघा. कागदावर सगळं बरोबर होतं! त्या कार्डासाठी कंपनीनेच ४५० वॅटचा सप्लाय सुचवलेला आहे आणि माझ्या सप्लायवर ठळक अक्षरात ४५० लिहिलं होतं. पण मेल्यावर मी त्याचं स्टिकर पहिल्यांदा नीट वाचलं. १२ व्होल्टच्या पुढे लिहिलं होतं १६ ॲम्पिअर. गुणाकार पाचवीचा आहे. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. आजचा कॉम्प्युटर जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टच्या लाइनवरूनच घेतो. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनवर दाखवलेले असतात, ते आपल्या फारसे कामाचे नाहीत.

आणि मागणी किती होती? कार्ड १३२ वॅट. प्रोसेसर जोरात धावला की ८९ वॅट. झाले २२१. बोर्ड, पंखे, एसएसडी धरून अडीचशेच्या पुढे. म्हणजे १९२ वॅटच्या बैलाला पाच महिने अडीचशेचा गाडा ओढायला लावला होता. वर नांदुऱ्याचा मे महिना आणि आमच्या फीडरची लाइट. बैल बसला नाही, मेला. आणि मरताना शेजारच्या दोघांना घेऊन गेला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. व्हिडिओत पार्ट निवडायचा जो क्रम सांगतात, तो आपल्या गावांसाठी उलटा करा. तिथे कार्डापासून सुरुवात होते आणि उरलेल्या पैशात सप्लाय येतो. आपण भिंतीतल्या सॉकेटपासून सुरुवात करायची आणि उरलेल्या पैशात कार्ड आणायचं. नाही उरले तर कार्ड नंतर!

पहिलं, सॉकेट. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर तिसऱ्या पिनला अर्थिंग नाही, असं खुशाल समजा. सप्लायच्या आत लाइन आणि बॉडीच्या मध्ये छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नसला की बॉडीवर साधारण निम्मा व्होल्टेज येऊन बसतो. करंट अगदी कमी असतो म्हणून माणूस वाचतो, पण पार्टसाठी हे काही चांगलं लक्षण नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, तेव्हा अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. मीठ-कोळसा घातलेल्या त्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतायचं असतं, हे आजोबांना माहीत होतं. इलेक्ट्रिकलच्या नातवाला पुस्तक वाचून कळलं.

दुसरं, एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट मिळतो तो घेऊ नका. स्टिकरवर तीन गोष्टी वाचा. एक, १२ व्होल्टचे ॲम्पिअर. गुणाकार करून पार्टची गरज त्याच्या साठ-सत्तर टक्क्यांत बसली पाहिजे. दोन, इनपुट किती. स्वस्त सप्लायवर बरेचदा २००–२४० व्होल्ट असं असतं, तर ॲक्टिव्ह पीएफसीवाल्या बहुतेक चांगल्या सप्लायवर १००–२४०. संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी सुरू झाल्या की आपल्याकडे व्होल्टेज कुठे जातो ते तुम्ही पंख्याच्या स्पीडवरून ओळखता. पुण्या-मुंबईच्या मुलाला हा आकडा बघायची गरज पडत नसेल, आपल्याला आहे. तीन, कार्डाची वायर सप्लायलाच आहे का. कन्व्हर्टर लावावा लागत असेल तर समजा, त्या सप्लायला हे काम सांगायचंच नाही. आणि '८० प्लस ब्रॉन्झ' या शिक्क्यावर विसंबू नका. हे शिक्के वीज किती कमी वाया जाते एवढंच सांगतात, संरक्षण किती आहे ते नाही. त्यापेक्षा वॉरंटी किती वर्षांची ते बघा. जी कंपनी पाच वर्षं लिहून देते, तिला स्वतःच्या मालाची खात्री असते.

यातच उष्णता आली. सप्लायमधल्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं, हा नियम आपण शिकलोय. कपॅसिटर ८५ अंशांचेही मिळतात आणि १०५ अंशांचेही. म्हणजे नांदुऱ्याच्या माणसाला दोन १०५ माहीत असायला हवेत, एक हायवेवरचा आणि एक सप्लायमधला! कॅबिनेटही काचेच्या तोंडाचं घेऊ नका, जाळीचं घ्या. खोलीच ४२ अंशांवर असेल तर रंगीत दिव्यांनी आत गारवा येत नाही. आणि खिडकीतल्या कुलरच्या झोतासमोर कॅबिनेट ठेवू नका. आपल्याला गार वाटतं ती ओली हवा असते, आणि ओल व धूळ मिळून बोर्डावर चिखलाचा थर बसतो.

तिसरं, प्रोसेसर. बजेट कमी असेल तर आत ग्राफिक्स असलेला घ्या. २०२४ मध्ये मी पुन्हा बांधणी केली तेव्हा रायझन ५ ५६००जी घेतला. व्हॅलोरंट आणि काउंटर स्ट्राइक कार्डाशिवाय आरामात चालतात, जीटीए ५ सेटिंग खाली आणून चालतो. मात्र रॅमच्या दोन पट्ट्या लावा. आतलं ग्राफिक्स रॅममधूनच जागा घेतं, आणि एका पट्टीवर ते अर्ध्या रस्त्यावरून गाडी चालवल्यासारखं चालतं. कार्ड नंतर आलं तरी हा खर्च वाया जात नाही. कार्ड बिघडलं तरी निदान असाइनमेंट करता येते!

चौथं, कार्ड. हे शेवटी, आणि घाई न करता. कार्डाचे भाव आपल्या हातात नसतात. २०२१ मध्ये क्रिप्टोच्या खाणकामामुळे ते आकाशाला भिडले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती पद्धतच बंद केली आणि वापरलेली कार्डं बाजारात येऊन पडली. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरपायी रॅमचे भाव भडकले. जो थांबू शकतो तोच स्वस्तात घेतो. आणि ज्याच्या कॉम्प्युटरला कार्डाशिवाय चित्र दिसतं, तोच थांबू शकतो.

सेकंडहँड घ्यावं का? रॅम घ्या, रात्रभर टेस्ट लावली की खरं-खोटं कळतं. प्रोसेसर घ्या, पिना बघून. कार्ड घ्यायचं तर अर्धा तास गेम चालवून बघूनच. सप्लाय मात्र कधीच नाही. आणि नवीन पार्टचं पक्कं बिल घ्या. ते अठरा टक्के सरकारला दान नाहीत, तो तुमच्या वॉरंटीचा पुरावा आहे. माझा दुसरा सप्लाय मी रात्रीची गाडी धरून मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून आणला, बिल पहिल्यांदा खिशात घातलं आणि मग वडापाव खाल्ला.

आता काही सर म्हणतील, मुळात गेम हवेतच कशाला? सर, तुमच्या पिढीच्या हॉस्टेलमध्येही लॅनवर काउंटर स्ट्राइक रात्र रात्र चालायचं, हे तुमच्याच बॅचचे लोक मेळाव्यात सांगतात! पण चेष्टा सोडा. त्याच कॉम्प्युटरवर मी सिम्युलेशन केली, प्रोजेक्टचं पीसीबी काढलं. आणि खरं सांगायचं तर चार वर्षांत लोड, अर्थिंग आणि पॉवर फॅक्टर जेवढे त्या जळक्या सप्लायने शिकवले तेवढे एका पेपरने शिकवले नाहीत. काही मित्र म्हणतात, लॅपटॉप घे ना. ज्याला वर्ग-हॉस्टेल-घर असं फिरायचंय त्याने जरूर घ्यावा. पण असेंबल्डची गंमत अशी की एक पार्ट गेला तर एकच बदलतो. अट एवढीच, एकाने जाताना बाकीच्यांना सोबत नेता कामा नये.

म्हणून या पानावरून दोन मागण्या. पहिली स्टाफकडे. उन्हाळी सुट्टीआधी हॉस्टेलच्या खोल्यांतलं अर्थिंग एकदा तपासून घ्या. मशीन आपल्याच लॅबमध्ये आहे, मुलंही आपलीच आहेत, प्रॅक्टिकलचे मार्क द्या, आनंदाने करतील. दुसरी आपल्याकडे, म्हणजे सीनियर्सकडे. पास होऊन जाताना ज्युनियरला पार्ट विकतो ना आपण? बिलासकट विका, आणि काय बिघडलं होतं तेही सांगून विका. समोरच्याचे पैसे कुणाच्या तरी कापसाचे किंवा सोयाबीनचे असतात.

माझा नवा कॉम्प्युटर आता नांदुऱ्याला घरीच आहे. मी इकडे, आणि तिकडे बाबा त्यावर सातबारा बघतात. परवा फोनवर म्हणाले, "लाइट लय जाऊन येऊन राहिली रे. हे तं नाही ना जयनार?"

मी म्हटलं, "नाही जयनार बाबा. फक्त खड्ड्यात दोन बादल्या पाणी टाका."

(अंतिम वर्ष, इलेक्ट्रिकल)