‘डिझर्व्ह’ कोण करतं?

६ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वाचा निकाल लागला आणि बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण जिंकला. दुसऱ्या दिवशी सोमवार. ऑफिसात डबे उघडले तेव्हा टेबलावर दुसरा विषयच नव्हता. एक सहकारी म्हणाला, “सगळी सिंपथी आहे यार. अभिजीत डिझर्व्ह करत होता.” दोघातिघांनी माना डोलावल्या. मग माझ्याकडे वळून, “तुला काय वाटतं?” मी भाकरीचा तुकडा मोडत म्हणालो, “हो ना. सिंपथीच.”

मला खरंच काय वाटत होतं, ते तेव्हा मलाही धड सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं की या टेबलावर आपण सूरजच्या बाजूचे दिसायला नको.

घरी वेगळा प्रकार होता. आमची आई सत्तर दिवस रात्री नऊ वाजता टीव्हीसमोरून हलली नव्हती. मतदान जिओसिनेमाच्या ॲपवर होतं आणि ते ॲप माझ्या फोनमध्ये होतं. मी जेवायला बसलो की ती फोन मागून घ्यायची आणि सूरजला मत द्यायची. म्हणजे माझ्याच फोनवरून गेलेल्या मतांना मी टेबलावर सिंपथी म्हणून आलो होतो. हे लक्षात आल्यापासून तो सोमवार डोक्यातून जात नाही. म्हणून हा लेख.

सूरजची जात कोणती, याच्याशी मला इथे देणंघेणं नाही. मला त्याच्याकडे बघणाऱ्या नजरेबद्दल बोलायचंय, आणि त्यात माझी नजरही आली.

लहानपणीच आईवडील गेलेला, शाळा अर्धवट सुटलेला, मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंमधून गावोगावी पोचलेला हा मुलगा. त्याचे व्हिडिओ मी आधीही पाहिले होते आणि हसलो होतो. ‘गुलीगत’ म्हणून मित्रांना पाठवलेही होते. पण तो मराठी वाहिनीवर, मोठमोठ्या कलाकारांच्या शेजारी जाऊन बसला आणि माझं हसू गेलं. तो बोलायला लागला की मला अवघडल्यासारखं व्हायचं. वाटायचं, याने दोन वाक्यं तरी सरळ बोलावीत.

असं का व्हायचं, हे कळायला वेळ लागला. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी ‘पानी’चं ‘पाणी’ आणि ‘आनि’चं ‘आणि’ करायला शिकलो. आरशासमोर उभा राहून शिकलो. वर्गात उत्तर माहीत असूनही हात वर करायचो नाही, कारण उत्तराआधी उच्चार ऐकला जाईल याची धास्ती होती. जे बोलणं मी एवढ्या कष्टाने अंगावरून उतरवलं, तेच घेऊन सूरज बिनदिक्कत टीव्हीवर उभा होता. मला लाज त्याची वाटतच नव्हती. तो तोंड उघडेल आणि मी कुठून आलोय ते सगळ्यांना कळेल, अशी ती भीती होती. घरातले पहिले पदवीधर असलेल्या माझ्या वाचकांना ही भीती समजावून सांगायची गरज नसावी. आईबाप कॉलेजात भेटायला आले की आपण त्यांना गेटवरच गाठायचो, ती हीच भीती.

आता त्या शब्दाबद्दल. ‘डिझर्व्ह’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो टीव्हीवर नव्हे, होस्टेलमध्ये. प्रवेशाची यादी लागल्यावर एकाने हसत हसत विचारलं होतं, “तुझे मार्क किती? नाही, म्हणजे डिझर्व्हिंग पोरं बाहेर राहिली ना.” तेव्हाही मी हसून विषय बदलला होता. सूरजच्या निकालावर ऐकलेलं ‘सिंपथी’ आणि होस्टेलात ऐकलेलं ‘कोटा’, दोन्हींचा सूर एकच आहे: ही जागा मुळात दुसऱ्या कुणाची होती आणि तुला ती उदार होऊन दिली गेली.

बरं, बिग बॉसचा अभ्यासक्रम तरी काय? परीक्षेला निदान पुस्तक असतं. इथे घरात बंद राहायचं, टास्क करायचे, भांडायचं, जुळवून घ्यायचं आणि शेवटी लोकांनी मत द्यायचं. लोकांना जो आवडेल तो जिंकेल, हाच नियम. नियमाप्रमाणे जो जिंकला तो जिंकला. पण निकाल मनासारखा लागला नाही की नवे निकष निघतात. त्याला गेम कळला नाही, तो मुद्दा मांडत नाही, त्याला स्टँड नाही. यातलं बरंचसं फिरून बोलण्यावर येतं, आणि बोलणं कुणाचं प्रमाण मानायचं हे आधीच ठरलेलं असतं.

अभिजीत सावंतबद्दल माझी काही तक्रार नाही. २००५ मध्ये ‘इंडियन आयडल’चं पहिलं पर्व तोही लोकांच्या मतांवरच जिंकला होता. त्याच्या मतांना लोकप्रियता म्हणायचं आणि सूरजच्या मतांना सहानुभूती, हा फरक कुठून आला? सिनेमा-मालिकांतून आधीच नाव कमावून घरात शिरलेल्यांना पहिल्या दिवसापासून चाहत्यांची मतं तयार मिळतात. त्याला कुणी कोटा म्हणत नाही.

हे फक्त मराठीतलं नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत हिंदी ‘बिग बॉस’चं सोळावं पर्व पुण्याच्या वस्तीतून आलेला रॅपर एमसी स्टॅन जिंकला, तेव्हाही हीच चर्चा झाली. अमरावतीचा शिव ठाकरे दुसरा आला. मराठीचं दुसरं पर्व त्याने २०१९ मध्येच जिंकलं होतं. खेळ म्हणून बघितलं तर शिव जास्त खेळला, हे मीही म्हणेन. स्टॅन बराच काळ कोपऱ्यात बसून घरी जायचं म्हणत होता. पण त्याच्यावरची टीका खेळापाशी थांबली नाही. त्याची भाषा, त्याचे दागिने आणि ते ऐंशी हजारांचे बूट. बुटांची किंमत तो मिरवून सांगायचा आणि लोक हसायचे. मला मात्र ते बूट आवडायचे. आमच्या आजोबांना गावात वरच्या आळीतून जाताना चपला हातात घ्याव्या लागत. त्यामुळे वस्तीतलं पोरगं पायातल्या बुटांची किंमत मोठ्याने सांगतंय, यात मला उर्मटपणा दिसत नाही.

त्याच पर्वात अर्चना गौतम होती. उत्तर प्रदेशातल्या हस्तिनापूर या राखीव मतदारसंघातून तिने २०२२ ची विधानसभा निवडणूक लढवली होती. एका भांडणात सहस्पर्धकाच्या तोंडून ‘नीच जातीचे लोक’ अशा अर्थाचे शब्द निघाले. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने त्याची दखल घेऊन नोटिसा काढल्या. एरवी जे ‘क्लास’, ‘स्टँडर्ड’, ‘पर्सनॅलिटी’ अशा शब्दांत गुंडाळून बोललं जातं, ते रागाच्या भरात एकदा उघडं पडलं, इतकंच.

आणि जिथे सहानुभूतीचा प्रश्नच येत नाही तिथे काय होतं? ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये मत नसतं, उत्तर असतं. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे तिथे एक कोटी जिंकल्या. शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या बबिताताईंना महिन्याला १,५०० रुपये मिळायचे आणि त्यांना स्वतःचा मोबाइल घ्यायचा होता, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्यांनी पंधरा प्रश्न बरोबर सोडवले. त्यातला एक तरी प्रश्न आठवतो का? मलाही नाही. त्यांनी इतकं सगळं कधी वाचलं, कुठे वाचलं, चुलीवर भात चढवून वाचलं का, हे कुतूहल आपल्या डोक्यात येतच नाही. कार्यक्रमाने त्यांची गरिबी आपल्यापुढे ठेवली आणि आपण तेवढीच घेऊन घरी आलो. म्हणजे मतावर जिंकलं तर सिंपथी, आणि डोक्यावर जिंकलं तरी आठवण गरिबीचीच.

आता मालिकांकडे येतो, कारण आईची संध्याकाळ तेव्हा नऊला सुरू होत नव्हती, साडेआठला व्हायची. साडेआठला ‘ठरलं तर मग’ लागायची. त्यातली सायली मधुभाऊंच्या आश्रमात वाढलेली अनाथ मुलगी. कष्टाळू, सोशिक, सगळ्यांना जीव लावणारी. त्या पावसाळ्यात आमच्या घरात रोज दोन अनाथ यायचे: साडेआठला सायली आणि नऊला सूरज. सायली डिझर्व्ह करते का, असं मी कुणालाच विचारताना ऐकलं नाही.

कारण प्रेक्षकांना आधीपासून माहीत आहे की सायली अनाथ नाहीच. ती किल्लेदारांची हरवलेली लेक तन्वी आहे. तिचा चांगुलपणा, तिचं वळण, सगळ्याचा उगम शेवटी घराण्यात सापडतो. आश्रमात वाढली ती परिस्थितीने, चांगली निघाली ती रक्ताने. जातीचा शब्द एकदाही न उच्चारता जातीचा सिद्धान्त रोज अर्धा तास शिकवता येतो, तो असा. एकदा आई भाजी निवडता निवडता म्हणाली, “ती किल्लेदाराची नसती, तर काय वाईट झाली असती का?” एवढं बोलून ती पुन्हा मालिका बघायला लागली. मी मात्र बराच वेळ त्या वाक्यावर अडून राहिलो.

मालिकांतली आडनावं एकदा मांडून बघा. ‘ठरलं तर मग’मध्ये सुभेदार आणि किल्लेदार. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये पुन्हा सुभेदार. ‘रंग माझा वेगळा’मध्ये इनामदार. ‘आई कुठे काय करते’मध्ये देशमुख. ही सगळी जुन्या हुद्द्यांची आणि वतनांची नावं. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं, कारण आपल्या वाट्याला आलेलं वतन म्हणजे राबणं होतं. ती वतनं पुढे कायद्याने गेली. दिवाणखान्यातली वतनं मात्र अजून रोज प्रक्षेपित होतात. मजा अशी की आपल्या घरात ‘सुभेदार’ म्हटलं की आठवतात रामजी मालोजी सकपाळ, सैन्यात नोकरी करून त्या हुद्द्याला पोचलेले. पण हुद्दा कमावलेला सुभेदार मालिकेच्या घरात राहत नाही, तिथे हुद्द्याचं आडनाव झालेले सुभेदार राहतात. हिंदीतली गोकुलधाम सोसायटी तर छोटा भारत म्हणून २००८ पासून चालली आहे. गडा, मेहता, भिडे, अय्यर, सोढी, पांडे, सगळे आहेत. प्रांत आहेत, धर्म आहेत. आपल्याकडचं एखादं कुटुंब मात्र तिथे भाड्यानेसुद्धा राहायला आलेलं नाही.

आपण मालिकांत येतो तेव्हा महामानव होऊन येतो. २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर बाबासाहेबांची मालिका आली, त्याच वर्षाअखेरीस हिंदीत अँड टीव्हीवर ‘एक महानायक’ आली. दोन्ही आमच्या घरात हात जोडून बघितल्या गेल्या. २०२० मध्ये सोनी मराठीवर ‘सावित्रीजोती’ आली आणि वर्ष पुरं व्हायच्या आत बंद झाली. ती बंद झाल्यावर मी चिडून बोललो खूप, पण रोज लावून बघत नव्हतो, हेही कबूल करतो. एका टोकाला महामानव आणि दुसऱ्या टोकाला कीव यावी असा गरीब. मधला माणूस, म्हणजे बँकेत कारकून असलेली, कर्जाचे हप्ते भरणारी, धाकट्या भावाची फी देणारी, कधी चिडणारी, कधी चुकणारी आपली ताई, तिच्यावर कुणी मालिका काढत नाही.

मग सूरज जिंकला म्हणून क्रांती झाली का? मुळीच नाही. त्याची गरिबी, त्याचं भाबडेपण वाहिनीने व्यवस्थित विकलं. १४ लाख ६० हजारांचं बक्षीस आणि वर सिनेमाची घोषणा. तो ‘झापुक झुपूक’ एप्रिल २०२५ मध्ये आलाही. या सगळ्यात वाहिनीने उपकार केले असं मानायचं कारण नाही. सहानुभूतीची एक किंमतही असते. गरिबाने कायम नम्र राहायचं, पाया पडायचं, डोळ्यांत पाणी आणायचं. सूरजला ते जमलं म्हणून तो ‘आपला सूरज’ झाला. स्टॅनने मान खाली घातली नाही, म्हणून तो उर्मट ठरला. दोन्ही ठिकाणी अट घालणारे तेच. मला सूरजची पूजा करायची नाही. त्याच्या खेळात मला खटकलेल्या गोष्टीही आहेत आणि त्या मी बोलेन. पण तो खेळाडू म्हणून बोलेन, आगंतुक म्हणून नाही.

आईला मी नंतर विचारलं, तू त्याला मत का दिलंस? कीव आली म्हणून? ती जरा रागावलीच. म्हणाली, “कीव कशाला येईल? एवढ्या शिकलेल्या लोकांत एकटा राहिला. कुणाच्या मागं लागला नाही, कुणाचं वाईट केलं नाही. मला बरा वाटला, दिलं मत.” आयुष्यभर शिकलेल्यांच्या घरी आणि ऑफिसात झाडू मारलेल्या बाईला, शिकलेल्या लोकांत एकटं राहणं म्हणजे काय हे माझ्यापेक्षा जास्त कळत असणार. तिच्याकडे निकष होता. तिने तो स्पष्ट सांगितला आणि त्याप्रमाणे मत दिलं. आमच्या टेबलावर एकालाही स्वतःचा निकष सांगता आला नव्हता. मलाही नाही.

पुढचं पर्व येईल, पुन्हा कुणीतरी वस्तीतून, पाड्यावरून, वाडीतून येईल, पुन्हा डबे उघडतील आणि तो शब्द येईल. या वेळी मी मान डोलावणार नाही. शांतपणे विचारणार आहे: डिझर्व्ह करायला काय काय लागतं, ते एकदा ओळीने सांगा. आणि त्यातलं घरून आयतं मिळालेलं किती आणि स्वतः कमावलेलं किती, तेही सांगा. उत्तर येईपर्यंत मी माझी भाकरी खात बसेन.