बैल हलला की चोरी झाली

मेकॉलेविषयी बरे बोलण्याची आपल्याकडे रीत नाही, आणि पौर्वात्य विद्येविषयी त्याने काढलेले तुच्छतेचे उद्गार आठवले म्हणजे ती असण्याचे कारणही दिसत नाही. तथापि त्याच्या विधी आयोगाने १८३७ मध्ये सादर केलेल्या मसुद्यातून पुष्कळ फेरफारांनिशी १८६० साली सिद्ध झालेले भारतीय दंडविधान ज्याने सावकाश वाचले असेल, त्याला इंग्रजी गद्य किती निर्मळ असू शकते याची प्रचीती आल्यावाचून राहत नाही. चोरीची व्याख्या सांगून कायदा थांबत नाही, तो दाखले देतो. ‘अ’ला द्रव्याची पेटी वाहणारा एक बैल भेटतो, ते द्रव्य लबाडीने लाटण्याच्या इराद्याने तो बैलाला एका दिशेस हाकतो, बैल हलला की चोरी पुरी झाली. पेटी घरी पोहोचली काय, कुलूप फुटले काय, याची चौकशीच नाही. ज्याच्या निबंधांत अलंकारांची लयलूट आहे, त्यानेच घालून दिलेली ही दाखल्यांची पद्धत. आणि २०२४ पासून अमलात आलेल्या न्याय संहितेतही तो बैल तसाच चालतो आहे.

याच्या शेजारी आपल्या एखाद्या कचेरीचा किंवा बँकेचा इंग्रजी खलिता ठेवून पाहावा. उपरोक्त विषयास व संदर्भाधीन पत्रास अनुसरून असे कळविण्याचे निर्देश आहेत की, आपल्या अर्जाचा यथोचित विचार करण्यात आला असून तो मान्य करणे शक्य नसल्याचे आढळून आले आहे. विचार कोणी केला, शक्य का नाही, अर्जदाराने आता कोणाचे दार ठोठवावे, यांपैकी एकाही गोष्टीचा पत्ता लागत नाही; खाली सही असते, तीही कोणा साहेबांच्या ‘करिता’. याला भाषेचे अज्ञान म्हणणे भाबडेपणाचे आहे. कर्ता गाळलेले वाक्य ही अंमलदाराची ढाल असते, आणि ती तो जाणूनबुजून धरतो.

हे वळण आपण ज्यांच्यापासून उचलले, त्यांनी मात्र त्यावर इलाज आरंभला. जर्मन विमाने इंग्लंडवर घिरट्या घालीत असता, ९ ऑगस्ट १९४० रोजी, चर्चिलने आपल्या खात्यांना पाल्हाळ आवरण्याविषयी लेखी सूचना धाडली. आणि पुढे ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी सरकारी नोकरांसाठी १९४८ मध्ये सुबोध लेखनाचे एक पुस्तकच लिहिले. हे गृहस्थ एके काळी प्राप्तिकर वसूल करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष होते. तेव्हा अप्रिय गोष्ट स्पष्ट शब्दांत कळविता येते की नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

सुबोध म्हणजे आखूड, असा एक समज अलीकडे बळावला आहे, तो मला मान्य नाही. (माझ्या वाक्यांची लांबी पाहता मला तो परवडणाराही नाही.) वाक्य लांब असले तरी कोणी, काय, कशासाठी केले हे त्यातून उमगत असेल तर वाचकाची तक्रार नसते, उलट चार शब्दांचा नकारही पुरता अपारदर्शक असू शकतो.

माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने अर्ज फेटाळणाऱ्या अधिकाऱ्यावर तीन गोष्टी कळविण्याचे बंधन घातले आहे : कारण, अपिलाची मुदत आणि अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचा तपशील. कर्ज, विमा, निवृत्तिवेतन नाकारणाऱ्या प्रत्येक पत्राला हीच तरतूद लागू करावी, आणि निर्णय घेणाऱ्याचे नाव त्यात चौथे घालावे.