हुरड्यानंतरची गोळी

पौष-माघात दौलताबादच्या परिसरात हुरड्याचे दिवस सुरू झाले की शहरातील मंडळी सहकुटुंब शेताची वाट धरतात. देवगिरीचा दुर्ग चढून उतरायचे, आगटीभोवती बसायचे आणि गरम दाणे चटणी-गुळासोबत पोटभर खायचे. हा आनंद आपल्या मातीतलाच. मात्र अलीकडे या मेजवानीचा शेवट पाचक गोळ्यांच्या पाकिटाने होतो. एक आजोबांना, एक सूनबाईंना, अर्धी नातवालाही!

या गोळीत असते तरी काय? बहुधा बुरशीपासून मिळवलेले डायस्टेज आणि कच्च्या पपईच्या चिकातील पपेन. पहिले पिष्टाचे विघटन करते, दुसरे प्रथिनांचे. बुरशीतील डायस्टेज औषध म्हणून प्रचारात आणले ते जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने. १८९४ मध्ये त्याने अमेरिकेत त्याचे पेटंट मिळवले. मटणात कच्च्या पपईची फोड घालणाऱ्या गृहिणीला तर पपेनची करामत प्रयोगशाळेवाचून ठाऊक आहे. (पिकल्या पपईत ते फारच थोडे उरते, हे पपईच्या भक्तांनी ध्यानात घ्यावे.)

परंतु निरोगी माणसाची लाळ, जठर, स्वादुपिंड आणि लहान आतडे हे विकर स्वतःच मुबलक तयार करतात. हुरड्याने पोट फुगते ते अति खाण्याने आणि न पचणाऱ्या तंतूंवर मोठ्या आतड्यातील जिवाणू काम करतात म्हणून. तिथे डायस्टेज आणि पपेन दोन्ही निरुपयोगी.

याचा अर्थ विकर थोतांड आहेत असा नव्हे. दूध न सोसणाऱ्याला लॅक्टेजचा खरा उपयोग होतो. अशांपैकी अनेकांना दही-ताक सोसते, कारण विरजणातील जिवाणू दुग्धशर्करा काही प्रमाणात आधीच फोडतात. स्वादुपिंड निकामी झालेल्या रुग्णाला तर पॅन्क्रिएटिन जेवणासोबत घ्यावेच लागते. ते डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते, ही गोष्ट शाकाहारी घरांना क्वचितच सांगितली जाते. ती सांगितली गेली पाहिजे. पण ती कळल्यावर रुग्णाने औषध परस्पर बंद करू नये, डॉक्टरांशी बोलावे.

खरी चिंता वेगळीच आहे. पन्नाशीनंतर अपचन नव्याने सुरू झाले, वजन घटू लागले, मल तेलकट वा काळा दिसला, तरी घरोघरी महिनोन्महिने गोळीवर गोळी घेतली जाते. ती दुकानात सहज मिळते, म्हणून तपासणी लांबते. अशा वेळी डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जावे, आणि गोळीचे पाकीटही सोबत न्यावे.