कपाटाची किल्ली कुणाकडे?

लग्नपत्रिका दोनदा कामाला येते. पहिल्यांदा ती अक्षता लावून घरोघर जाते. दुसऱ्यांदा, संसार मोडलाच तर, झेरॉक्सच्या काचेवर पालथी पडते आणि तिची प्रत घटस्फोटाच्या अर्जाला जोडली जाते. अमुक तारखेला, अमुक हॉलमध्ये, अमुक मुहूर्तावर हे लग्न खरोखर लागलं होतं, एवढंच आता तिला सांगायचं असतं. मुंबईतल्या चारकोपच्या घराघरांत अशा पत्रिका अजून जपून ठेवलेल्या असतात. प्रश्न एवढाच, की त्या कुणाच्या कपाटात?

घटस्फोटाची चर्चा निघाली की बोलणं पोटगीवर जातं, मुलांवर जातं, 'चूक कोणाची' यावर तर तासन् तास चालतं. कागदांचं नाव कोणी काढत नाही. पण न्यायालयात चूक कोणाची हे ठरायला वर्षं लागतात आणि कागद पहिल्याच दिवशी मागितले जातात. आपल्याकडच्या बहुतेक घरांत हे कागद नवऱ्याच्या, नाहीतर सासऱ्यांच्या कपाटात असतात. बाई घर सोडते तेव्हा मुलांना घेते, चार कपडे घेते, मोबाईलचा चार्जर घेते. फाईल घेत नाही. लढाईचा पहिला डाव ती तिथेच हरते, आणि त्याचा दोष कोणत्याही कायद्याच्या कलमात सापडत नाही.

खरं तर कागदाची किंमत चारकोपला शिकवावी लागू नये. ही वस्तीच कागदावर उभी राहिली. १९८५ नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने इथे भूखंड आखले. रस्ते, पाणी, गटारं दिली आणि घर ज्याचं त्याने ऐपतीप्रमाणे बांधावं असं ठरवलं. वाटपपत्र, पैसे भरल्याच्या पावत्या, सोसायटीचा भागदाखला, हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दागिन्यांच्या शेजारी ठेवणारी पिढी इथे अजून आहे. त्या पिशवीत लग्नाचा दाखला असतो का, आणि असला तर सुनेला तो दिसलाय का, हे विचारून पाहावं.

लग्नाच्या दाखल्यापाशीच पहिली अडचण येते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये विवाहनोंदणी सक्तीची करण्याचे आदेश राज्यांना दिले. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८चा कायदा आधीपासून होता. चारकोपकरांना त्यासाठी कांदिवलीच्या आर-दक्षिण विभाग कार्यालयात जावं लागतं. नोंदणीच्या अर्जावर तीन साक्षीदार लागतात आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सहीही. ज्यांनी नोंदणी टाळली ते दहा वर्षांनी विचारत फिरतात की ते गुरुजी हल्ली कुठे असतात. दाखला नसला तर घटस्फोट अडतो, हा मात्र गैरसमज. हिंदू विवाह कायदाच सांगतो की नोंदणी नाही म्हणून लग्न अवैध ठरत नाही. पत्रिका, सप्तपदीचे फोटो आणि प्रतिज्ञापत्र यांवरही काम भागतं. उलट २०२४च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की विधी झालेच नसतील, तर नुसत्या दाखल्याने हिंदू विवाह होत नाही. म्हणजे ज्या अल्बमचं ओझं वाटून तो माळ्यावर टाकला, तोच पुरावा.

दुसरी अडचण खास आपल्या मातीतली. मराठी बाईचं मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. आडनाव बदलतं ते वेगळंच. काही घरांत अजूनही ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहून तिचं पहिलं नावसुद्धा बदलतात. मग दहावीचं प्रमाणपत्र एका नावाने, पॅन दुसऱ्या, आधार तिसऱ्या, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव चौथ्याच पद्धतीने. अर्जात 'उर्फ' लावत ही सगळी एकच बाई आहे हे सांगावं लागतं. नवऱ्याच्या नावात मात्र जन्मापासून एक अक्षर हललेलं नसतं. न्यायालय हा भेदभाव करत नाही. तो फाईलमध्ये आयता येऊन बसलेला असतो.

मग येतो 'वेगळं राहण्याचा' पुरावा. परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची सोय १९७६च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात आली. तिची पहिली अट अशी, की अर्ज करण्यापूर्वी दोघं किमान वर्षभर वेगळी राहत असावीत. लोक म्हणून भाडेकरार, वीजबिल, गॅसची पावती, मुलांच्या शाळेतला नवा पत्ता गोळा करतात, आणि ते योग्यच. पण चारकोपसारख्या ठिकाणी दुसरी खोली परवडते कोणाला? एकाच घरात एक जण खाली, एक पोटमाळ्यावर, मध्ये बोलणं बंद, असे संसार वर्षानुवर्षं चालतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये हे ओळखलं होतं: एका छपराखाली राहूनही नवरा-बायको म्हणून राहत नसतील तर ते 'वेगळं राहणं'च. न्यायाचं वाक्य उत्तम आहे. फक्त पोटमाळ्याचं वीजबिल वेगळं येत नाही.

पैशांच्या कागदांबाबत मात्र महाराष्ट्रातूनच एक मोठा बदल घडला. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेलं पोटगीचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी देशभरासाठी नियम ठरला. पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र ठरावीक नमुन्यात द्यायचं. पगार, बँकखाती, विमा, कर्ज, घरखर्च, अवलंबून असलेली माणसं, सगळं त्यात. शेतीवर जगणाऱ्यांसाठी नमुना वेगळा. वकील आज पगाराच्या चिठ्ठ्या, आयकर विवरणपत्रं आणि बँकेचे उतारे आधीच मागून घेतात ते याचसाठी. नवऱ्याचा पगार किती हे ज्या बायकोला कधी सांगितलंच गेलं नाही, तिच्यासाठी हा नमुना कपाटाची दुसरी किल्ली ठरू शकतो. कारण नवऱ्याला स्वतःच्या सहीने खरं लिहावं लागतं आणि खोटं लिहिलं तर ते अंगाशी येतं. पण तिचा रकानाही तिलाच भरायचा असतो. माहेरून आलेले दागिने किती तोळे, पावती कुठे, लॉकर कोणाच्या नावावर? इथे पुन्हा लग्नाचा अल्बम उघडतो, या वेळी गळ्यातले हार मोजायला.

मोबाईलचं प्रकरण त्याहून मजेशीर. व्हॉट्सअॅपवरच्या शिव्यांचे स्क्रीनशॉट काढून त्यांची चळत वकिलापुढे ठेवली की काम झालं, असं अनेकांना वाटतं. तसं ते होत नाही, आणि यामागे आहे जालन्याची एक निवडणूक. २०१४च्या विधानसभेत अर्जुन खोतकर जालन्यातून २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतला गेला, असा त्यांच्याकडून हरलेले कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता. वाद निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावर येऊन ठेपला. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की मूळ यंत्र न्यायालयात आणलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि त्या प्रमाणपत्राचे दोन भाग झाले: एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. तेव्हा भांडण रेकॉर्ड केलेला जुना फोन एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊन टाकू नये. चॅट पुसून 'महत्त्वाचं तेवढं' ठेवण्याचा शहाणपणाही नको.

संमतीच्या घटस्फोटात सगळा जीव असतो तो 'कन्सेंट टर्म्स'मध्ये, म्हणजे दोघांनी मिळून लिहिलेल्या अटींमध्ये. त्यातल्या एका वाक्याचं मोल किती, हे वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयातल्या एका गाजलेल्या प्रकरणाने दाखवलं. क्रिकेटपटू युझवेंद्र चहल आणि धनश्री वर्मा यांनी ५ फेब्रुवारी २०२५ रोजी संमतीचा अर्ज केला. जून २०२२ पासून दोघं वेगळी राहत होती. संमतीच्या अर्जानंतर सहा महिने थांबण्याची अट माफ करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलं होतं. तरी कौटुंबिक न्यायालयाने ती माफ करायला नकार दिला. ठरलेल्या पावणेपाच कोटींपैकी निम्मेच दिले गेलेत, म्हणजे अटींचं पालन अर्धवट, असं कारण दिलं. उच्च न्यायालयाने १९ मार्चला कागद पुन्हा वाचला. त्यात लिहिलेलंच होतं की दुसरा हप्ता घटस्फोट झाल्यावर द्यायचा. म्हणजे पालन पूर्ण. दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, घटस्फोट झाला.

चारकोपच्या जोडप्याचा आकडा कोटींत नसेल, पण वाक्याची गरज तीच. पैसे कधी, कोणत्या खात्यात, मुलाची शाळेची फी जूनमध्ये कोण भरणार, गणपतीत मूल कोणाकडे, घराचे हप्ते थकले तर काय. 'आपसात ठरवू' हे वाक्य या कागदावर चालत नाही. आपसात ठरत असतं तर इथवर वेळच आली नसती. घर द्यायचं ठरलं असेल तर क्रमही महत्त्वाचा. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांकशुल्क फक्त २०० रुपये. घटस्फोट झाल्यावर ती कायद्याने बायको राहत नाही आणि तेच घर भलतंच महाग पडतं. म्हाडाच्या घराला शिवाय म्हाडाचे आणि सोसायटीचे सोपस्कार असतातच.

या सगळ्याला कंटाळून काही जण जवळची वाट धरतात. स्टॅम्पपेपरवर 'आम्ही राजीखुशीने वेगळे झालो' असं टाइप करायचं, नोटरीचा शिक्का घ्यायचा, दोन्हीकडच्या मामांच्या सह्या घ्यायच्या, संपलं. मराठीतला 'काडीमोड' हा शब्द ज्या रूढीतून आला, तिच्यात जातीच्या बैठकीत गवताची काडी मोडली की नातं तुटत असे. १९४७ मध्ये मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, १९५५ मध्ये देशाने केला. रूढीने होणारा काडीमोड कायद्याने आजही पुसलेला नाही, पण ती रूढी आपल्या जातीत खरोखर आहे हे सिद्ध करावं लागतं. नोटरीच्या शिक्क्याला तर तेवढाही आधार नाही. केंद्राच्या विधी खात्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये नोटरींना बजावलं की लग्नाचे किंवा घटस्फोटाचे दस्त करणं त्यांचं काम नव्हे. योगायोग असा की त्याच महिन्यात राज्यात शंभराच्या मुद्रांकाच्या जागी पाचशेचा आला. खोटी सोडचिठ्ठीसुद्धा पाचपट महागली. असा कागद खरा मानून कोणी दुसरं लग्न केलं तर ते लग्न कायद्याने शून्य आणि द्विविवाहाचा गुन्हा वर.

खरा मार्ग वांद्र्याला जातो. चारकोपहून शेअर रिक्षाने कांदिवली स्टेशन, लोकलने वांद्रे, पूर्वेला उतरून पुन्हा रिक्षा, मग कौटुंबिक न्यायालय. दिवाणी दाव्यांसाठी उपनगराला नगर दिवाणी न्यायालयाची दिंडोशीची शाखा मिळाली, फौजदारीसाठी बोरिवलीला दंडाधिकारी न्यायालय आहे. दहिसरपासून मुलुंडपर्यंतच्या मोडलेल्या संसारांना मात्र वांद्रेच गाठायचं. तिथे गेल्यावर कळतं की मूळ दाखला आणायला हवा होता, आणि तो सासरी आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्याखाली स्त्रीधन आणि हक्काच्या चीजवस्तू परत द्यायचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. दोन्ही सोयी चांगल्या. पण त्या मिळतात हे सांगणारा मराठीतला एक पानी कागद चारकोपच्या कोणत्या भिंतीवर लावलेला दिसतो? अर्ज बहुतेक इंग्रजीत असतो. खाली 'वाचून दाखवला, समजला' असं लिहिलेलं असतं आणि बाई सही करते.

उपनगराला कौटुंबिक न्यायालयाचं स्वतंत्र दालन हवं. निदान अर्ज दाखल करण्याची आणि कागद तपासून घेण्याची खिडकी दिंडोशीला हवी. त्याला इमारत लागेल, पदं लागतील, फायली मंत्रालयात फिरतील. पण एक गोष्ट कांदिवलीच्या विभाग कार्यालयात उद्यापासूनही करता येईल. लग्न नोंदवायला आलेलं जोडपं दाखला घेऊन एकत्र घरी जातं आणि तो एका कपाटात जातो. वेगळी फी भरून जादा प्रत मिळते, पण नव्या लग्नाच्या गडबडीत ती मागायचं कुणाच्या मनातही येत नाही. खिडकीवरच्या कारकुनाने न मागता दोन दाखले द्यावेत, एक तिच्या हातात आणि एक त्याच्या.